आखूड पायांचा ट्रक

माझ्या धाकट्या भावाचं लग्न एका लाकडी ट्रकवर अडलं होतं, असं मी सुनांना सांगते तेव्हा त्या मान डोलावतात आणि हळूच एकमेकींकडे बघतात. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटतं. वाटू दे. ट्रक खरा होता, लग्न खरं होतं, आणि त्या पावसाळ्यात माझं डोकं खरोखरच फिरलं होतं.

तेव्हा आम्ही आलापल्लीला राहत होतो. आमचे हे एका लाकडाच्या ठेकेदाराकडे डेपोत मोजणीदार होते. जंगलातून सागाची, ऐनाची लाकडं आली की फीता घेऊन ती मोजायची आणि हातोड्याने शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. माझा भाऊ त्याच ठेकेदाराचा ट्रक चालवायचा. आईवडील गेल्यापासून तो आमच्याकडेच होता. घर म्हणजे दोन खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत चूल, धानाची कणगी आणि भाऊ. दिवसभर तो ट्रक चालवायचा आणि झोपेतही चालवायचा. गिअर बदलताना त्याचा पाय कणगीवर बसायचा. कणगी एका बाजूने आत गेली होती. जेवायला बसला की मी पातेलं त्याच्यापासून लांब ठेवायची, तर तो पाटासकट सरकत यायचा.

माझा फार जीव होता त्याच्यावर. पण तो मला शेजारच्या घरात, त्याच्या बायकोच्या पातेल्यापुढे बसलेला हवा होता. आई जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "याचं तू पाहजो." मी पाहत होते, पण ड्रायव्हरला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. "आज इथी, उद्या तिथी, आन् परवा झाडावर," असं एकाने तोंडावर सांगितलं. ट्रक आजवर एकदाच झाडावर गेला होता, आणि तेही लहान झाड होतं. पण लोकांचं तोंड कोण धरणार?

अशात महाशिवरात्रीला भाऊ डेपोतली माणसं घेऊन मार्कंड्याच्या जत्रेला गेला. जत्रेत ट्रकभोवती ही गर्दी! कोणी विचारी किती धावते, कोणी विचारी पिते किती. त्या गर्दीतून एक मुलगी पुढे आली आणि तिने विचारलं, "मांगं जाते का?"

"जाते ना," भाऊ म्हणाला.

"आमची बंडी नाई जात," असं म्हणून ती बापाच्या बैलबंडीकडे निघून गेली. एवढंच. भाऊ घरी आला तो हे सांगतच आला. भाताचा घास हातात धरून सांगायचा, विहिरीवर सांगायचा, अंगणातल्या कोंबडीलाही त्याने सांगितलं असेल. "बाई, सारे लोक पुढं जायाचं विचारते. मांगं जायाचं तिनंच इचारलं." यात एवढं काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही. पण याला हीच हवी, हे कळलं. धानोऱ्याला आमची मावशी होती. तिला सांगितलं. तिने गाव काढलं, घर काढलं, बोलणीही सुरू केली.

मुलीचा बाप धानाचा शेतकरी होता आणि बैल पारखण्यात त्याचं मोठं नाव होतं. बाजारात बैल घ्यायचा तर चार गावचे लोक त्याला सोबत न्यायचे. तोंडात हात घालून तो बैलाचं वय सांगायचा आणि शेपटी धरून स्वभाव सांगायचा. आता आमच्याकडची रीत अशी की पोरगी द्यायच्या आधी मुलाचे बैल पाहायचे. घर गळकं असलं तर शाकारता येतं, सासू खाष्ट असली तर ती कधी तरी म्हातारी होते, पण बैल खोटा निघाला तर पोरीच्या ताटात काय पडणार? मावशीकडून बापाचा निरोप आला. "पोरगा बरा आहे. पण बैल कुठी आहेत त्याचे? ट्रक चालवते म्हणता तं ट्रक दाखवा. पोळ्याच्या आत दाखवा, नाई तं दुसरं स्थळ तयार आहे." दुसऱ्या स्थळाकडे चार बैल होते.

दाखवा म्हणणं सोपं होतं. पावसाळा लागला होता. जंगलातली वाहतूक बंद झाली होती आणि ट्रक डेपोच्या मैदानात आसापर्यंत चिखलात रुतून बसला होता. मुलीचं गाव नदीपलीकडे, वाट बंडीची. आणि धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सोडून म्हातारा आलापल्लीला येणार नव्हता. रोवण्याच्या दिवसांत कोणी कोणाच्या मयतीलाही जात नाही, ट्रक पाहायला कुठून जाईल!

"चांद्याहून फोटोवाला आणू," भाऊ म्हणाला.

"कागदावर जाडी दिसत नाई," आमचे हे म्हणाले. "लाकडाचा ट्रक करू. फुटाले इंच. हुबेहूब. खिळा न् खिळा."

हे हुबेहूब ऐकलं तेव्हाच मी ओळखलं की आता घरात दुसरं काही सुचायचं नाही. आमच्या ह्यांना अंदाज या शब्दाचा राग होता. मी भाजीत मीठ टाकताना सुद्धा ते "किती?" म्हणून विचारायचे. त्यांचा फीता म्हणजे त्यांचा देव. दसऱ्याला आमच्या घरी फित्याची पूजा व्हायची आणि मला त्याच्यावर कुंकू लावू द्यायचे नाहीत, आकडे झाकले जातील म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून माहिती काढणं सुरू झालं. भर पावसात एक जण छत्री धरून आणि दुसरा ट्रकवर चढून. लांबी एकवीस फूट निघाली. मागचा साठा, म्हणजे माल भरायचा लाकडी सांगाडा, मोजला, त्याचे फाळके मोजले, दिव्यांमधलं अंतर मोजलं. पुढच्या जाळीच्या पट्ट्या मोजल्या, त्या अकरा भरल्या. ह्यांना वाटलं एखादी सुटली असेल, म्हणून जेवण झाल्यावर पुन्हा जाऊन मोजल्या. ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला. आत एक पितळी पट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत बारीक काही कोरलेलं होतं. ते वाचायला रेंजर साहेबांच्या कारकुनाला बोलावलं. त्याने चष्मा पुसून वाचलं की हा ट्रक ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर चालवू नये. माझा भाऊ इतका हसला की त्याची चप्पल चिखलात राहिली. तो ट्रक उतारावर, वारा मागून असताना, कसाबसा वीस गाठायचा.

मग उंचीची पंचाईत झाली. ट्रक रुतलेला, तर जमिनीपासून खरी उंची कळणार कशी? तो बल्लारपूरच्या एका मिस्त्रीच्या हातचा होता, त्याला विचारायचं ठरलं. बस मिळाली तिथे बसने, नाही तिथे पायी, असे दोघे बल्लारपूरला जाऊन आले. मिस्त्री म्हातारे होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ह्यांनी विचारलं, "चाचा, ट्रकचं असली माप पाह्यजे."

चाचा कितीतरी वेळ दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "असली? बेटा, उसका इंजन एक गाडी का है, केबिन दूसरी का, पिछला धुरा तीसरी का. साठा तुमच्या गावच्या सुतारानं बनवला. असली म्हणशील तं सिर्फ भोंपू है."

भोंपूचं माप मात्र चाचांनी तोंडी सांगितलं.

घरी येऊन दोघे माझ्यापुढे डोकं धरून बसले. हुबेहूब करायचा तर कशासारखा करायचा? मी म्हटलं, "अवो, जो उभा आहे त्याच्यासारखा करा. तुमी तरी कुठी असली राह्यले? केस गेले, दोन दात गेले, तरी मी तुमालेच वाढते ना?" हे त्यांना पटलं. रागावले, पण पटलं.

राहिली चाकं. ती चिखलात निम्मी बुडालेली. म्हणून साठ्यात पडलेलं जादा चाक, स्टेपनी, दोघांनी ढकलत आमच्या ओसरीवर आणलं. चार दिवस ते माझ्या दारात आडवं पडलं होतं. पाणी आणायला जाताना मी त्याच्यावरून उडी मारून जायची. ह्यांनी त्याच्याभोवती फीता गुंडाळला, डोळे मिटून मनातल्या मनात काही हिशोब केला आणि चाकाची उंची सांगितली.

इथे मला थांबून डेपोची रीत सांगायला हवी. जंगलात गोल लाकूड मोजायचं तर फीता त्याच्याभोवती गुंडाळायचा. जो घेर येईल त्याचे चार भाग करायचे. एक भाग म्हणजे लाकडाची जाडी. त्यातून सालीचं थोडं वजा करायचं. सगळ्या जंगलात हाच रिवाज होता. घेणारे, देणारे, तोडणारे, सगळे तो मानत. आमच्या ह्यांनी उमेदवारीपासून गोल वस्तू मोजायची दुसरी रीत पाहिलीच नव्हती. चाक गोल होतं. म्हणून त्यांनी चाकाचा घेर घेतला, त्याचा चौथा हिस्सा केला, आणि रबराच्या टायरला साल समजून तेही वजा केलं.

मी हे पाहत होते. आम्हाला वाटलं, बरोबरच असेल. फीता ह्यांच्या हातात असताना चूक होते असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे.

ट्रक करायला डेपोतल्या सुताराला सांगितलं. तो तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी नंदी करायचा, त्याच्या नंदीला लांबून मागणी असायची. चांगला सागाचा तुकडा घेऊन तो बसला आणि खरंच सुरेख काम केलं. दिवे, दारं, जाळीच्या अकरा पट्ट्या, चाचांनी सांगितलेला भोंपू. फक्त सवयीने त्याने ट्रक चाकं लावलेल्या पाटावर बसवून दिला, जसा नंदी बसवतात. म्हणजे ट्रकला चार चाकं आणि ट्रकखालच्या पाटाला आणखी चार.

"हे काय गा?" ह्यांनी विचारलं.

"पोट्टे ओढतीन कसं मंग?" सुतार म्हणाला.

पाट काढला. ट्रक स्वतःच्या चाकांवर जमिनीवर ठेवला, आणि आम्ही तिघेही वाकून पाहू लागलो. तो ट्रक अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा दिसत होता.

"भाऊजी, चाकं बारीक वाटून राह्यले," भाऊ हळूच म्हणाला.

"डोळा खोटं बोलते," हे म्हणाले. "फीता बोलत नाई."

"मलेबी बारीक वाटते," मी म्हटलं.

"तू फोडणी पाह्य. जळून राह्यली."

फोडणी खरंच जळत होती, म्हणून मी गेले.

पोळा जवळ आला तसे आम्ही तिघं निघालो. ट्रक माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. आधी बैलांची रेंगी, मग नदीत डोंगा, मग पुन्हा बैलबंडी. बंडीवाला विचारी, "बाई, लेकरू किती महिन्याचं?" डोंग्यात बसल्यावर भावाने ट्रक माझ्याकडून घेऊन डोक्यावर धरला. नदी भरून वाहत होती, आम्ही तिघे पोहता न येणारे, आणि त्याला काळजी ट्रक भिजण्याची. त्याचा चेहरा पाहून मला एकदम भरून आलं. देवा, याचं एवढं जमू दे, असं मी त्या डोंग्यात बसून मनापासून म्हटलं.

मुलीचं घर साधं, लख्ख सारवलेलं. अंगणात एका तोडलेल्या मोठ्या झाडाचं खोड जमिनीत उरलं होतं, बसायला पाटासारखं, त्यावर ह्यांनी छत्री ठेवली. मुलीचा बाप उंच, वाळलेला, हातात काठी. पाणी झालं, गूळ झाला, चहा झाला. मग त्याने हात पुढे केला. "आणा जनावर."

भावाने लुगडं सोडून ट्रक समोर ठेवला. म्हाताऱ्याने आधी लांबूनच त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग उकिडवा बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"कपाळ रुंद आहे. बरं आहे," तो म्हणाला. मग दिव्यांकडे पाहून म्हणाला, "डोळे लई मोठे. बुजते का?"

"नाई बुजत," भाऊ म्हणाला.

मग त्याने जाळीच्या पट्ट्यांवर बोट फिरवून मोजलं. "अकरा दात? आठाच्या वर कोण्याच जनावराले नसते."

"ते दात नोहोत, जाळी आहे."

"खांदा कुठी आहे? जू कुठी बसते?"

"जू नसते याले. हे ओढत नाई. मांगच्या चाकानं ढकलते."

"मांगून जोर," म्हातारा विचार करत म्हणाला. "आन् खाते काय?"

"पेट्रोल."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात काम बंद. तवा काईच खात नाई."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "काईच नाई? माहे बैल तं बसून बी खाते!" तो भलताच खूश झाला. भावाने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात म्हातारा पोटावर आडवा झाला आणि गाल जमिनीला लावून ट्रकच्या खाली पाहू लागला. बराच वेळ पाहिलं. मग उठून त्याने धोतर झटकलं.

"पाय आखूड आहेत," तो म्हणाला. "हे चिखलात पोटाले लागंल. बसलं की उठाचं नाई. नाई पाव्हणे, नाई जमत. माही पोरगी मी बसक्या जनावराच्या घरी नाई देत."

भाऊ उभाच राहिला. "मामाजी, खऱ्या ट्रकचं चाक माह्या कमरेच्या वर येते!"

"मंग इथी काऊन नाई येत?"

भावाने ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दाराआडच्या बांगड्याही थांबल्या.

"माप बरोबर आहे," हे म्हणाले. आवाज जरा बारीक आला होता.

"तुमचं माप बरोबर, तं ट्रक बसका," म्हातारा म्हणाला. "ट्रक उंच, तं तुमचं माप खोटं. दोनातलं एक सांगा. चाक मोजलं कसं?"

ह्यांनी खिशातून फीता काढला. मापाचं कोणी विचारलं की ह्यांची छाती आपोआप पुढे यायची, तेव्हाही आली. भोवती फीता, घेराचा चौथा हिस्सा, साल वजा, असं सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं.

म्हातारा ऐकत राहिला. "चाकाले साल?"

"रबर म्हंजे सालच ना."

म्हातारा उठला. अंगणात गेला, खोडावरची छत्री बाजूला केली आणि हाक मारली, "या इथी. हे मोजा."

पाऊस भुरभुरत होता. ह्यांनी खोडाभोवती फीता गुंडाळला, डोळे मिटले, चौथा हिस्सा केला, साल वजा केली आणि जाडी सांगितली. म्हाताऱ्याने काठी खोडाच्या कापलेल्या तोंडावर आडवी ठेवली. काठीवर एक जुनी खाच होती. ह्यांनी सांगितलेली जाडी बरोबर त्या खाचेपाशी संपत होती. आणि खाचेच्या पुढे, लाकूड संपेपर्यंत, माझी वीत बसली असती एवढं लाकूड उरलं होतं.

"माह्या आजानं लावलेला ऐन होता हा," म्हातारा म्हणाला. "इकला. तुमच्यासारखाच एक फितेवाला आला, त्यानं यवढी जाडी सांगतली." त्याने खाचेवर बोट ठेवलं. "मी म्हटलं, बाकीचं कुठी गेलं? तो म्हणे, असंच असते. पंचाइतीत सांगितलं, फीता लाकूड खाते. लोक मले हासले. आजपर्यंत हासून राह्यले."

ह्यांनी फीता खोडावर आडवा टाकला. एकदा पाहिलं. मग पुन्हा टाकला, जरा वाकडा करून, मग दुसरीकडून. जन्मभर फीता गुंडाळण्यात गेला, आडवा टाकायचं काम डेपोत कोणी कधी केलंच नव्हतं, ती रीतच नव्हती. इतका केविलवाणा माणूस मी लग्नात हार घालतानासुद्धा पाहिला नव्हता, आणि तेव्हाही तेच होते.

तोवर म्हाताऱ्याने हाका मारून शेजारपाजार गोळा केला होता. घोंगड्या, इरली डोक्यावर घेऊन लोक कुंपणापाशी उभे राहिले.

"डेपोचे पाव्हणे आहेत," म्हातारा त्यांना म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळला. "सांगा यायले. फीता खाते का नाई खात?"

हे फीता गुंडाळायला लागले. काय चाललं होतं त्यांच्या मनात ते मला दिसत होतं. खात नाही म्हणावं तर ट्रक बसका आणि मेव्हणा बिनलग्नाचा. खातो म्हणावं तर इतकी वर्षं पूजलेला फीता खोटा.

"रिवाजाप्रमाणं पाह्यलं तं..." त्यांनी सुरुवात केली.

"रिवाज नाई इचारला."

"साधारणपणे म्हणाल तं..."

साधारणपणे! हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला आणि माझा तोल सुटला. पाहुण्याच्या घरी, परक्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर सावरायचं भान न राहता मी ओरडले, "बोला ना वो एकदाचं! तुमच्या फित्यापायी माहा भाऊ जन्मभर कणगीले लाता मारत पडंल तिथी!"

"खाते," हे म्हणाले.

"आयकू नाई आलं," म्हातारा म्हणाला.

"खाते! फीता खाते! माह्या फित्यानं ट्रक बी खाल्ला!"

कुंपणाबाहेर हसण्याचा एकच कल्लोळ उठला. पण म्हातारा हसला नाही. तो खोडावर बसला, काठी मांडीवर घेतली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला. मला एकदम लाज वाटली माझ्या ओरडण्याची, आणि बरंही वाटलं. मग तोच हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "माहं झाड खाल्लं," तो म्हणायचा, "आन् मंग सोताचाच ट्रक खाल्ला!" ह्यांच्या पाठीवर त्याने अशी थाप मारली की हे दोन पावलं पुढे गेले.

आत येऊन तो पुन्हा ट्रकसमोर बसला. "पाय उंच आहेत म्हंता?"

"कमरेच्या वर," भाऊ म्हणाला.

"मंग मले काई इचाराचं नाई. आनखी कोणाले इचाराचं आहे?"

आमच्यात मुलीने अशा वेळी बोलायची पद्धत नाही. म्हणजे प्रश्न विचारून तो मोकळा झाला होता. पण दाराआडून आवाज आला, "मांगं जाते का?"

"काय येड्यासारखं..." म्हातारा सुरू झाला, पण माझा भाऊ आधीच गुडघ्यांवर बसला होता. त्याने ट्रक वळवला आणि दोन बोटांनी मागे ढकलायला लागला. सारवलेल्या जमिनीवरून ती बुटकी चाकं कुरकुरत, डुगडुगत निघाली. एकदा पोपड्याला अडकली, तर भावाने तोंडाने गिअरचा आवाज काढला आणि जोर दिला. ट्रक मागे मागे जात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकला. दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्याने ट्रक आत ओढून घेतला.

"राहू द्या इथीच," ती म्हणाली.

उन्हाळ्यात लग्न झालं. नदीला पाणी उरलं नव्हतं, वाळूवर फांद्या टाकून भाऊ खरा ट्रकच नवरीच्या दारात घेऊन गेला. म्हाताऱ्याने जावयाच्या आधी ट्रकची गाठ घेतली. चाकाला काठी आडवी लावली आणि म्हणाला, "पाय बरे आहेत." मगच ओवाळू दिलं. भावजय शेजारच्या घरात आली, तिचं पातेलं माझ्या पातेल्यापेक्षा मोठं होतं, आणि माझी कणगी मी बुरडाकडून नीट करून घेतली. लाकडी ट्रक तिच्या फळीवर होता. मुलं झाली तेव्हा त्यांनी तान्ह्या पोळ्याला नंदीऐवजी तोच ओढत नेला, आणि तो बसका म्हणून दरवर्षी त्यांना शेवटचं बक्षीस मिळायचं.

डेपोत ह्यांनी मोजायची रीत काही बदलली नाही. रिवाज तो रिवाज, तिथे ह्यांचं कोण ऐकणार? घेर, चौथा हिस्सा, साल वजा. पण कोणा शेतकऱ्याचं बांधावरचं झाड डेपोत आलं की ह्यांचा फीता जरा सैल पडायचा, आणि सालीचं वजा करायचं ते विसरायचे. ठेकेदाराला ते कधी कळलं नाही. मला मात्र कळायचं, कारण त्या दिवशी हे घरी आल्यावर भाजीत मीठ किती टाकलं ते विचारायचे नाहीत.